प्रायोगिक पेडल घ्यावे की न घ्यावे?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये मी गेली अनेक वर्षे इलेक्ट्रिक गिटार शिकवतो. अलीकडे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला एक प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर वर्गाच्या दारात उभ्याउभ्या देण्यासारखे नाही, म्हणून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदराचा आधार घेत आहे. परदेशातल्या छोट्या कारखान्यांत तयार होणारी, नेहमीच्या डिस्टॉर्शन किंवा डिलेपेक्षा अगदी वेगळे, तुटके, किंचाळणारे, उलटसुलट आवाज काढणारी ‘प्रायोगिक’ गिटार पेडल विकत घेण्याजोगी असतात का, हा तो प्रश्न. यांतल्या अनेक पेडलांची किंमत इथे हातात पडेपर्यंत एखाद्या बऱ्यापैकी गिटारइतकी होते, त्यामुळे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. याला माझ्याकडे सरसकट हो किंवा नाही असे उत्तर नाही. मात्र ते कशावरून ठरवावे याबद्दल माझे मत पक्के आहे. पेडल किती तऱ्हेचे आवाज काढते हे मोजत बसू नये. ते वाजवणाऱ्याच्या हाताचे किती ऐकते, एवढेच पाहावे.

ज्या वाचकांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटार आणि अँप (आवाज मोठा करणारे यंत्र) यांच्यामध्ये जमिनीवर ठेवायची, पायाने चालू-बंद करायची लहानशी धातूची पेटी म्हणजे पेडल. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागातून, येणारा विजेचा क्षीण संकेत या पेटीत शिरतो आणि बदलून बाहेर पडतो. साध्या पेडलमध्ये हा बदल ठरलेला असतो. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन आवाजाला खरखरीत धार देतात, फझ तो आणखी फाडून घरघरता करतो, डिले प्रतिध्वनी देते, रिव्हर्ब मोठ्या दालनाचा भास देते. प्रायोगिक पेडलमध्ये निर्मात्याने मुद्दाम अशी मोकळीक ठेवलेली असते की सर्किट स्वतःहून काही करू लागते, किंवा आपण वाजवलेले तुकडे तोडून वेगळ्याच क्रमाने परत देते. या मोकळिकीतच त्यांचे आकर्षण आहे आणि खरेदीदाराची फसगतही बहुतेक वेळा तिथेच होते.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील मिनियापोलिस येथील झी. व्हेक्स या निर्मात्याचे ‘फझ फॅक्टरी’ घेऊ. 1990च्या दशकाच्या मध्यापासून ते बाजारात आहे. आत एक सिलिकॉन आणि दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत, आणि वर वॉल्यूम, गेट, कॉम्प, ड्राइव्ह व स्टॅब असे पाच नॉब. यांतला स्टॅब नॉब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सर्किटला मिळणारा विजेचा दाबच कमी-जास्त करतो. दाब पूर्ण असला की फझ भरीव आणि स्थिर वाजतो. दाब उतरवत नेला की ट्रान्झिस्टर उपाशी पडतात, सूर मध्येच गुदमरतो, तुटतो, आणि नको तो आवाज दाबणारे गेट सैल सोडलेले असेल तर तारेला हात न लावताही पेडल शिट्टीसारखा स्वतःचा सूर काढू लागते. त्या शिट्टीची उंची स्टॅबने बदलते, कॉम्पनेही बदलते, ड्राइव्हनेही बदलते. एकही नॉब दुसऱ्याला धक्का न लावता फिरत नाही. दुकानात पहिल्यांदा हात लावणाऱ्याला हे पेडल बिघडले आहे असेच वाटते.

तरीही हे पेडल अनेकांच्या पेडल मांडायच्या बोर्डवर वर्षानुवर्षे टिकले, आणि म्यूझ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक मॅट बेलामी याने तर हे सर्किट थेट आपल्या गिटारमध्येच बसवून घेतले. कारण असे, की हा वेडावाकडा दिसणारा प्रकार हाताला प्रतिसाद देतो. गिटारवरचा वॉल्यूम नॉब थोडा खाली आणला की सर्किटवर पडणारा भार बदलतो आणि शिट्टीचा सूर सरकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याने हे पेडल मित्राकडून उसने आणले होते. सुरुवातीला तो सगळे नॉब टोकाला नेऊन नुसता गोंगाट करत होता. काही आठवड्यांनी तो वर्गात आला तेव्हा त्याने स्टॅब अशा ठिकाणी आणून ठेवला होता की मोकळ्या ए तारेशी ती शिट्टी तंतोतंत जुळत होती. मग तो तार छेडून फझ वाजू देई, तार दाबून थांबवी, आणि थांबताक्षणी पेडल तोच सूर वरच्या सप्तकात स्वतः धरून ठेवी. करंगळीने गिटारचा वॉल्यूम हलवून तो त्या सुराला किंचित खाली ओढून परत आणत होता. “सर, हे रोज थोडं वेगळं लागतं, पण मला आता ते सापडतं,” असे तो म्हणाला. विकत घेण्यासाठी यापेक्षा चांगले कारण मला माहीत नाही. त्या मुलाने ते पेडल जरूर घ्यावे असे मी त्याच्या वडिलांना सांगितले.

‘सापडणे’ हा यातला कळीचा भाग आहे. अपघाताने एकदा सुंदर आवाज निघाला, हे कोणत्याही विचित्र पेडलबाबत पहिल्या अर्ध्या तासात घडतेच. तो आवाज दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या अँपवर पुन्हा काढता आला, किंवा निदान त्याच्या जवळपास मुद्दाम जाता आले, तरच त्या पेडलशी आपले काही नाते जुळले असे म्हणता येईल. नाहीतर वाजवणारा केवळ श्रोता राहतो आणि वाजवते ती पेटी.

दुसरी जात डिजिटल पेडलांची. तीत अडचण वेगळी असते. मिनियापोलिसमधल्याच चेस ब्लिस या निर्मात्याने ड्रोलो आणि ओल्ड ब्लड नॉइज या दोन छोट्या निर्मात्यांबरोबर 2019 मध्ये ‘मूड’ नावाचे पेडल काढले. त्याचे दोन भाग आहेत. एका भागात लहान लांबीचा लूपर आहे, तो बंद असतानाही आपण काय वाजवतो ते सतत ऐकत असतो, आणि पाय दाबला की नुकतेच ऐकलेले उचलून, ताणून, किंवा टेपसारखे मंद-जलद करून परत वाजवतो. दुसऱ्या भागात रिव्हर्ब, डिले आणि सूर घसरवणारा एक प्रकार आहे. दोन्ही भाग एकमेकांना आवाज पुरवू शकतात. या दोन्हींच्या वर ‘क्लॉक’ नावाचा एकच नॉब आहे. तो डावीकडे नेला की पेडल दर सेकंदाला आवाजाचे कमी नमुने घेते, त्यामुळे तेवढ्याच स्मरणशक्तीत जास्त वेळाचे वादन मावते, पण आवाज जाडाभरडा होतो आणि आधी टिपलेला तुकडा असेल तर तो मंद होऊन खालच्या सुरात उतरतो. एका नॉबमध्ये वेळ, पोत आणि सूर असे तिन्ही बांधून टाकण्याची ही कल्पना मला अतिशय बुद्धिमान वाटते.

पण विद्यार्थ्यांच्या हातात असली पेडल गेल्यावर काय होते तेही मी पाहिले आहे. दोन सूर छेडले की पेडल त्यांचा झुळझुळता पडदा उभा करते. ते इतके सहज आणि इतके गोड होते की तिसरा सूर छेडण्याची गरजच उरत नाही. कोणीही छेडले तरी जवळजवळ तोच पडदा उभा राहतो. फझ फॅक्टरीत गोंगाटातून वाट काढावी लागते, इथे गोडव्यातून. पहिली अडचण निदान ऐकू तरी येते! अशा पेडलची परीक्षा घेताना मी विद्यार्थ्याला एकच काम देतो. परिचित चालीची एक ओळ, मग ती अभंगाची असो वा शाळेतल्या प्रार्थनेची, पेडल चालू ठेवून अशी वाजव की ऐकणाऱ्याला चाल कळली पाहिजे आणि पेडलनेही तीत काहीतरी भर घातली पाहिजे. केव्हा लूप धरायचा, केव्हा सोडायचा, क्लॉक ओळीच्या शेवटी उतरवायचा की मधल्या श्वासाला, हे निर्णय तेव्हा घ्यावेच लागतात. हे निर्णय घेण्यात ज्याला रस वाटतो त्याच्यासाठी ‘मूड’ हे वाद्य आहे. ज्याला कंटाळा येतो त्याच्यासाठी ते महागडे पार्श्वसंगीत आहे, आणि तसे पार्श्वसंगीत संगणकावरच्या फुकट मिळणाऱ्या ग्रॅन्युलर प्लगइनमधूनही (आवाजाचे बारीक कण करून ते नव्याने जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनही) निघते. खरेदीपूर्वी महिनाभर तेच वापरून पाहावे, असे मी सुचवतो.

आपल्याकडे गिटारवर रागसंगीत वाजवणारे जे थोडे लोक आहेत त्यांना हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने पडतो. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे ‘फ्रीझ’ हे पेडल पाय दाबल्याक्षणी जो सूर वाजत असेल तो गोठवून धरून ठेवते. वर एकच नॉब, तीन पद्धती, बाकी काही नाही. साहजिकच वाटते की षड्ज-पंचम छेडून गोठवला की तंबोरा तयार झाला आणि वर निवांत आलाप करावा. प्रत्यक्षात असे होत नाही. तंबोऱ्याची तार छेडल्यावर जवारीमुळे तिच्यातले स्वयंभू स्वर एकामागून एक वर येतात आणि विरतात. सूर एकच असला तरी तो क्षणोक्षणी बदलत असतो, आणि गाणाऱ्याचा कान त्या बदलावरच टेकलेला असतो. फ्रीझ मात्र एका निमिषाचा तुकडा अखंड ओढत राहते. काही वेळाने तो सूर कानाला टोचू लागतो. म्हणून तंबोऱ्याच्या जागी ते घेऊ नये. पण मारव्यासारख्या रागात षड्ज लांबवर टाळून कोमल ऋषभावर थांबायचे असते, तेव्हा एखाद्या स्वराची गोठलेली छाया क्षणभर धरून, तिच्याविरुद्ध दुसरा स्वर लावून लगेच सोडून देणे, हे काम फ्रीझ फार सुरेख करते. तंबोऱ्याने ते होत नाही. जे काम दुसऱ्या कोणत्याही साधनाने होत नाही ते आपल्याला करायचे आहे का, हा प्रश्न इथे उपयोगी पडतो.

उलट उदाहरणही देतो. बॉस कंपनीने 1979 मध्ये ‘स्लो गियर’ नावाचे पेडल काढले. तारेवर प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) पडल्याचा टोला ते काढून टाकते आणि सूर व्हायोलिनच्या गजासारखा हळूहळू फुलू देते. ते फारसे खपले नाही, 1982 मध्ये बंद झाले, आणि आता जुन्या वस्तूंचे संग्राहक त्यासाठी मोठी किंमत मोजतात. पण हेच काम उजव्या हाताच्या करंगळीने गिटारचा वॉल्यूम नॉब फिरवून करता येते, आणि प्रत्येक सुराला हवा तेवढाच वेळ देता येतो. जिथे हात मोकळा नाही, जलद लयीत प्रत्येक सूर फुलवायचा आहे, तिथे पेडलचा उपयोग आहे. एरवी करंगळीचा रियाज पुरतो. तो करूनही अडले तर मग खुशाल पेडल शोधावे.

स्लो गियरची आजची किंमत सांगितली की एक पालक हमखास म्हणतात, की मग ही पेडल गुंतवणूक म्हणूनच घ्यावीत, उद्या दुर्मीळ होतील. या युक्तिवादाला माझा स्पष्ट विरोध आहे. फझचा जन्मच पाहा. 1961 मध्ये गाजलेल्या, अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणात मिक्सिंग कन्सोलचा एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि वादक ग्रेडी मार्टिनच्या बेसचा आवाज फाटून घरघरू लागला. तो आवाज गाण्यात तसाच ठेवला गेला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने पुढे तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटने मुद्दाम घडवून आणण्याची युक्ती काढली, आणि 1962 मध्ये गिब्सनने ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला आणली. जाहिरात अशी होती की गिटारमधून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा यांसारखे आवाज निघतील. दुकानदारांनी सुरुवातीला ती भरपूर उचलली, पण गिऱ्हाईक फिरकले नाही आणि पुढे जवळजवळ मागणीच उरली नाही. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात गिटारवादक कीथ रिचर्ड्सने त्यावर ती प्रसिद्ध सुरावट वाजवली आणि त्या वर्षअखेरपर्यंत माल संपला. पेटी तीच होती. कपाटात पडून राहिल्याने तिची किंमत वाढली नव्हती. कोणीतरी तिच्यासाठी वाजवण्यासारखे काहीतरी शोधले होते. रिचर्ड्सलाही मुळात ती सुरावट पुढे ब्रास वाद्यांवर घ्यायची होती, म्हणजे त्याने पेडलकडून काहीतरी नेमके मागितले होते. खोक्यातून न काढता जपून ठेवलेले पेडल उद्या महाग होईलही कदाचित, पण तो व्यवहार टपाल तिकिटांचा झाला, त्यासाठी गिटार शिकण्याची गरज नाही.

हे सगळे ठरवायचे तर पेडल हातात पडायला हवे, आणि महाराष्ट्रात खरी अडचण तिथेच आहे. मुंबई-पुण्याची काही मोठी दुकाने सोडली तर ही पेडल बघायलाही मिळत नाहीत, त्यामुळे मुले व्हिडिओ पाहून ठरवतात. व्हिडिओ करणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांतले कित्येकजण उत्तम वादक आहेत. पण तिथे ऐकू येणारा आवाज बहुधा स्टिरिओत, दोन अँपवर किंवा थेट संगणकात, वरून रिव्हर्ब लावून, खाली ताल-बेस घालून मुद्रित झालेला असतो, आणि तासन्‌तासांच्या वादनातून निवडलेला असतो. घरी छोट्या सराव-अँपच्या एका स्पीकरमधून तेच पेडल ऐकल्यावर मुलांचे चेहरे उतरतात. व्हिडिओ बघायचाच असेल तर आवाजापेक्षा वादकाच्या हाताकडे बघावे. तो वाजवता वाजवता नॉबला, गिटारच्या वॉल्यूमला, पिकअपच्या स्विचला हात लावतो आहे का, की एकदा सूर छेडून पेडलकडे कौतुकाने बघत बसला आहे? दुसरे म्हणजे पेडल बंद करून तोच तुकडा साधा वाजवलेला ऐकायला मिळतो का, तेही पाहावे.

दुकानात गेलो तरी निराशा होऊ शकते. एका शहरातल्या दुकानात मी विद्यार्थ्याला घेऊन गेलो असता पेडल लावून बघण्याआधी पूर्ण पैसे भरा, असे उत्तर मिळाले. महागाच्या वस्तूची काळजी दुकानदाराला असणारच, हे मी समजू शकतो. पण दहा मिनिटे हेडफोनवर ऐकून असे पेडल कोणालाही पारखता येणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

काही बाबी व्हिडिओत कधीच येत नाहीत आणि आपल्याकडे त्या फार महत्त्वाच्या ठरतात. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला अतिशय हळवे असतात. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की त्यांतून गळणारा प्रवाह साधारण दुप्पट होतो आणि सर्किटचा तोल ढळतो. वातानुकूलित दुकानात डिसेंबरमध्ये ऐकलेला फझ नागपूर-जळगावच्या मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, दिव्यांच्या झोतात तसाच वाजणार नाही. जो पेडलशी रोज झटतो तो नॉब थोडा हलवून ते सांभाळून घेईल, पण ज्याला नॉबच्या जागा पेनाने खूण करून कायमच्या ठरवायच्या आहेत त्याने सिलिकॉनचा फझ घ्यावा. दुसरे, असे फझ सहसा गिटारनंतर लगेच, सर्वांत आधी जोडावे लागतात. मध्ये बफर (संकेत सशक्त करणारे सर्किट) असलेले दुसरे पेडल किंवा वायरलेस आले की गिटारचा वॉल्यूम नॉब फिरवून होणारी सगळी जादू नाहीशी होते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जाते.

विजेचेही तसेच आहे. साध्या ओव्हरड्राइव्हला काही मिलीअँपिअर प्रवाह पुरतो, डिजिटल प्रायोगिक पेडलला शेकडो मिलीअँपिअर लागतात. एकाच स्वस्त अडॅप्टरवर साखळीने सगळी पेडल जोडली की कर्कश शिट्टी आणि टकटक ऐकू येते, मग चांगल्या, प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणाऱ्या पॉवर सप्लायचा खर्च येतो. तो पेडलच्या किमतीत आधीच धरावा. आपल्या कितीतरी सभागृहांत अर्थिंग धड नसते, आणि संकेत फार वाढवणारा फझ त्यामुळे होणारी घरघर कैकपटीने मोठी करतो. दुरुस्तीबद्दल काय सांगावे! आतला बोर्ड बारीक, पृष्ठभागावरच चिकटवलेल्या (एसएमडी) घटकांचा असतो, निर्माता वॉरंटी देतो पण वस्तू अमेरिकेला पाठवावी लागते. आधीच मूळ किमतीवर कुरिअर, सीमाशुल्क आणि आयजीएसटी भरून आणलेली वस्तू पुन्हा त्याच वाटेने जाऊन यायची म्हणजे कागदपत्रांचा ताप आलाच. म्हणून जवळपास पेडल उघडून बघणारा जाणकार आहे का, हे मी किमतीइतकेच महत्त्वाचे मानतो.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना मी निराश करू इच्छित नाही, कारण प्रयोग करण्याचा सर्वांत शिकवणारा मार्ग स्वस्त आहे. साध्या फझच्या सर्किटला दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रोधक आणि धारक, आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी लागते. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे हे सामान काहीशे रुपयांत मिळते. ब्रेडबोर्डवर (डाग न देता घटक खोचायच्या पाटीवर) ते जोडावे आणि बॅटरीच्या वाटेत एक पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलायचा नॉब) घालून दाब हळूहळू उतरवत न्यावा. स्टॅब नॉब काय करतो हे ज्याने स्वतःच्या हाताने असे ऐकले, त्याला फझ फॅक्टरी घ्यायची की नाही हे कोणाला विचारावे लागत नाही. पीटी2399 ही मुळात कराओकेच्या प्रतिध्वनीसाठी वापरली जाणारी स्वस्त चिपही अशीच शिकवते. तिचा डिलेचा वेळ मर्यादेबाहेर ताणला की आवाज कुजबुजत, फाटत जातो आणि पेडलनिर्माते नेमका त्याच दोषाचा उपयोग कसा करून घेतात ते समजते.

शिवाय हा सगळा उद्योग अमेरिकेतच चालतो असेही नाही. मुंबईची अ‍ॅनिमल फॅक्टरी अँप्लिफिकेशन ही छोटी संस्था ‘पिट व्हायपर’, ‘बॅरन सॅमेडी’ यांसारखी कडक डिस्टॉर्शन आणि फझ पेडल इथेच बनवते आणि ती परदेशातल्या वादकांपर्यंतही पोचली आहेत. सरसकट स्वदेशीचा आग्रह मी धरणार नाही, कारण आवाज पसंत नसेल तर जवळचा निर्माता असूनही उपयोग नाही. पण निर्माता आपल्याच राज्यात आहे, तेव्हा दुरुस्ती आणि शंका-समाधानाचा वर सांगितलेला अर्धा त्रास कमी होतो, आणि कोणते पेडल आधी ऐकून पाहावे हे ठरवताना याचा विचार अवश्य व्हावा.

आता दोन विनंत्या. पहिली राज्यातल्या संगीत विद्यालयांना आणि वाद्यविक्रेत्यांना. अनामत रक्कम घेऊन आठवडाभरासाठी पेडल घरी नेऊ देण्याची सोय करावी. पाच-सहा निवडक पेडलांचा संग्रह एखाद्या विद्यालयाने ठेवला तर वर्षभरात कितीतरी मुले ती स्वतःच्या गिटारवर, स्वतःच्या अँपवर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाजवून पाहतील. त्यांतली बहुतेक ती परत करतील आणि त्यांच्या पालकांचे पैसे वाचतील. ज्याला ते परत करवणार नाही, तो विद्यार्थी विक्रेत्याचा पक्का गिऱ्हाईक होईल. वापरलेल्या पेडलांच्या खरेदी-विक्रीचीही व्यवस्था तिथेच झाली तर मुलांना खात्रीची वस्तू कमी पैशांत मिळेल.

दुसरी विनंती आपल्याला. आपल्या पुरवणीत नव्या वाद्यांची आणि ध्वनियंत्रांची ओळख येते तेव्हा बहुधा त्यांच्या सोयींची यादी छापली जाते. अशा पेडलाविषयी लिहिणाऱ्याने ते निदान काही आठवडे वापरलेले असावे, आणि गिटारचा वॉल्यूम कमी केल्यावर त्याचा आवाज कसा बदलतो, त्याला किती मिलीअँपिअर लागतात, सर्व शुल्कांसह ते घरी किती रुपयांना पडते आणि बिघडल्यास भारतात कोण दुरुस्त करते, एवढी माहिती त्या ओळखीत छापावी.

आपला,
एक गिटारशिक्षक, नाशिक